चिमणी उंच केल्याने धूर संपत नाही

मा. केंद्रीय पर्यावरण मंत्री, नवी दिल्ली यांस,
स. न. वि. वि.

11 जुलै 2025 च्या अधिसूचनेने देशातल्या सुमारे 78 टक्के कोळसा-वीज संचांना, कोळशातले गंधक जळून होणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूच्या मर्यादेतून सूट मिळाली. अट एवढीच, की 2029 अखेर चिमणी ठरलेल्या उंचीची हवी. 2015 पासून पुढे पुढे ढकलत आणलेली मर्यादा अशी निकालात निघाली. मला खटकते ती ही चिमणीची अट.

ब्रिटनने हेच करून पाहिले होते. चिमण्या उंच झाल्या, जवळच्या गावांची हवा सुधारली आणि धूर स्कँडिनेव्हियाकडे गेला. 1967 मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने पावसाच्या नोंदी जुळवून तिथल्या तळ्यांची आम्लता परदेशी धुराशी जोडून दाखवली. ब्रिटनचे वीज मंडळ बरीच वर्षे ‘पुरावा अपुरा’ म्हणत राहिले. मोजमाप मात्र थांबले नाही. 1979 ला जिनिव्हात सीमापार जाणाऱ्या प्रदूषणावर करार झाला, 1985 ला हेलसिंकीत गंधकाच्या धुरात 30 टक्के कपात ठरली. (त्यावर ब्रिटनने सही केली नाहीच.)

आपल्या कोळशात गंधक कमी, हे खरे. आपल्या धुळीतला चुना पावसाचे आम्ल बरेचसे मारतो, हेही खरे. पण सल्फर डायऑक्साइड वायू म्हणून टिकत नाही. हवेत त्याचे सल्फेट होते, त्याचे सूक्ष्म कण शेकडो किलोमीटर जातात आणि पीएम 2.5 मध्ये, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांत, मोजले जातात. मग सरकारने नुसता वायू मोजून ‘सगळे मर्यादेत’ म्हणण्यात काय अर्थ? आणि दहा लाखांच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सूट नाही, ही रेघ कोणत्या वाऱ्याला विचारून आखली?

आमच्या डहाणूत 500 मेगावॅटचे कोळसा-वीज केंद्र आहे. चिकूच्या बागांसाठी लोक भांडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने पिच्छा सोडला नाही. 2007 पासून इथला धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो. खारे पाणी मुळात अल्कधर्मी, ते धुरातला वायू धरून ठेवते. चंद्रपूरच्या वीज केंद्राजवळ समुद्र नाही, पण चुनखडी आहे. चुनखडीने धूर धुतला की जिप्सम निघते आणि तिथले सिमेंट कारखाने जिप्सम वापरतातच.

मागणी एकच. सूट मिळालेल्या केंद्रांच्या वाऱ्याखालच्या गावांत पीएम 2.5 मधले सल्फेट वर्षभर मोजावे, आकडे महिन्याच्या महिन्याला जाहीर करावेत आणि तोवर ही सूट स्थगित ठेवावी.

कळावे,
एक चिकू बागायतदार
डहाणू, जि. पालघर