आवाज बसलाय, म्हणून पत्र

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून रागावलीस, असं बाबा म्हणाले. अगं, उचलून बोलू कशानं? पित्ताशयाच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले, टाके विसरलेसुद्धा, पण आवाज फाटलेलाच.

भूल देताना श्वासासाठी घशात नळी घातली की घसा खवखवतो, एक-दोन दिवसांत जातो, हे तूच सांगितलं होतंस, भूलशास्त्र शिकतेस ना! म्हणून महिनाभर हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं. शेवटी परवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं. उजव्या स्वरतंतूच्या मागच्या टोकाला मसुराएवढी लाल गाठ. पोटात गोळाच आला. पण कर्करोग नव्हे, ग्रॅन्युलोमा म्हणाले. नळी स्वरयंत्रात मागे टेकते, तिथे कूर्चेवरचं अस्तर पातळ. ते सोललं आणि जखम भरताना जरा जास्तच भरली. बायकांचं स्वरयंत्र लहान, म्हणून हे आपल्यात जास्त. उपाय म्हणजे आम्लपित्ताच्या गोळ्या आणि मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं ताण वाढतो. तीस वर्षं वर्गात ओरडलेल्या बाईला मौन! बाबा मजेत आहेत.

भूल देणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्या नळीनंच माझा श्वास चालू ठेवला. पण सर्जन टाके बघायला दोनदा आले. भुलेचे डॉक्टर दिसले ते मास्क लावताना, तेवढेच. घरी जाताना पथ्याचा कागद मिळाला, त्यात तळलेलं खाऊ नका होतं. आवाज बसला तर किती दिवस वाट बघायची, ते नव्हतं. तू दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन पेशंटला दोन वाक्यं बोलायला लावत जा. आणि नळी घालताना पडू नये म्हणून समोरचा दात हलतो का, हे आधीच विचार. लाजून कुणी आपणहून सांगत नाही.

नळी श्वासनळीत नीट बसवणाऱ्या फुग्याच्या दाबाचा बोटानं दाबून अंदाज येतो म्हणालीस ना? मी या घशाच्या डॉक्टरांना विचारलं. 20 ते 30 सेंटीमीटर पाण्याइतका दाब हवा, त्यावर गेला की श्वासनळीच्या अस्तराचं रक्त अडतं. मोजायचं यंत्र असतं म्हणे. मला कणीक बोटानं कळते, पण चाळीस वर्षांनी. तू पहिल्या वर्षाला आहेस.

हल्ली मी पाटीवर लिहून दाखवते. काल ‘मीठ’ लिहिलं, तर बाबांनी ‘मी ठीक’ वाचलं आणि आमटी अळणीच राहिली. रविवारी फोन कर. तू बोल, मी ऐकेन.

तुझी,
आई