सिंत्राचे राजवाडे आणि रोकाचा कडा

लिस्बन, १७ मार्च

प्रिय आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट काही सांगताच येत नाही. बाबा मध्येच नकाशा शोधायला उठतात आणि आई ‘जेवलीस का’ वर येते. म्हणून लिहूनच काढते. मेमध्ये तुम्ही आलात की सिंत्राला जायचं हे तर नक्कीच आहे. प्रश्न एवढाच होता की आपलं आपण ट्रेननं जायचं की गाईडसोबतची सहल घ्यायची. परवा मी तशी एक सहल करून आले: सकाळी राजवाडे, दुपारनंतर समुद्रकड्यांवरून चाल. निकाल आधीच सांगून टाकते. सहलच घ्यायची. मात्र पेना राजवाड्याच्या आतलं तिकीट काढायचं नाही.

सिंत्रा इथून ट्रेननं चाळीसेक मिनिटांवर आहे, तिथपर्यंत जायला गाईड लागत नाही. पुढे गोची होते. राजवाडे डोंगरावर, रस्ता अरुंद, खासगी गाड्यांना वर बंदी आणि बसला ही रांग. समुद्राकडे जायचं तर दुसरी बस. शिवाय कड्यावरची चाल एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला संपते, म्हणजे आपली गाडी असली तरी ती आणायला उलटं चालत यायचं. सहलीची व्हॅन आम्हाला काबो दा रोका या समुद्रकाठच्या टोकाला सोडून पुढे अद्रागाच्या पुळणीवर येऊन थांबली होती. माझ्या मते पैसे त्या एका गोष्टीचे. आई, किती पडले ते तुला फोनवर सांगीन, पण रुपयांत करायचं नाही हे कबूल करत असशील तरच.

आम्ही आठ जण होतो. ब्राझीलचं एक निवृत्त जोडपं, काठ्या घेऊन आलेल्या दोन जर्मन मुली, बाकी माझ्यासारखे सुटे. गाईड पन्नाशीची, बोलायला तिखट. व्हॅनमध्ये बसल्या बसल्या तिनं सांगितलं, “राजवाड्यात हरवलात तर मी शोधीन. कड्याच्या काठावर फोटोसाठी गेलात तर शोधणार नाही.”

पहिला पेना. पोस्टरवर दिसतो तोच, लाल-पिवळा. सिंत्राच्या डोंगरमाथ्यावर पूर्वी एक मठ होता. १७५५च्या भूकंपानं त्याची पडझड झाली. १८३८मध्ये राणी दुसऱ्या मारियाचा नवरा फर्नांदो यानं ते अवशेष विकत घेतले आणि फॉन एश्वेगे नावाच्या जर्मन खाणतज्ज्ञाकडून त्याभोवती हा राजवाडा उभा करून घेतला. लाल भाग जुन्या मठाचा, पिवळा नवा. कुठे मूरिश कमान, कुठे गॉथिक बुरूज, एका दारावर शिंपल्यात बसलेला अर्धा माणूस अर्धा मासा. राजाला जे जे आवडलं ते ते त्यानं लावून घेतलंय. गंमत म्हणून बघायला छान आहे, पण आत एका दोरीमागून पुढच्याच्या पाठीला चिकटून सरकायचं. खोल्या लहान, फर्निचर अवजड, थांबायची सोय नाही. १९१०मध्ये राजेशाही गेली तेव्हा राणी अमेलियानं देशातली शेवटची रात्र इथे काढली, असं गाईड सांगत होती. ते ऐकायलाही मागचे लोक थांबू देईनात.

त्यापेक्षा बाग. फर्नांदोनं जगभरातून झाडं आणून लावली: ऑस्ट्रेलियाकडची झाडाएवढी उंच नेची, अमेरिकेचे सिक्वोया, जपानची कॅमेलिया. कॅमेलियाचा बहर सरत आला होता. पायवाटेवर गळलेली अख्खी फुलं पडली होती, पाकळी पाकळी सुटलेली नाहीत, देठापासून तुटलेली. आई, तू तिथून हलणार नाहीस. बागेचं आणि गच्चीपर्यंतचं तिकीट वेगळं मिळतं का ते आपण आयत्या वेळी बघू, नियम बदलत असतात. धुकं मात्र धरून चाला. समुद्रावरचा दमट वारा या डोंगराला अडतो आणि लिस्बनला लख्ख ऊन असताना इथे समोरचा बुरूज दिसत नाही. आम्हाला अर्धा तास काहीच दिसलं नाही, मग एकदम पडदा ओढावा तसं सगळं खालपर्यंत मोकळं झालं.

आता गावातला राजवाडा. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण बाहेरून तो साधा, पांढरा आहे आणि छपरातून दोन अवाढव्य शंकू निघालेत. ते शंकू म्हणजे स्वयंपाकघराची धुराडी. उंची ३३ मीटर! सहाशे वर्षांपूर्वीची. खाली मुदपाकखान्यात उभं राहून वर बघितलं की छत असं नाहीच. भिंतीच आत आत कलत वर जातात आणि टोकाला नाण्याएवढा उजेड. राजा शिकारीहून आला की अख्खं जनावर भाजायचं, इतक्या लोकांचं रांधायचं, तर धूर जाणार कुठे, याचा सरळ विचार केलाय. खाली चुलाण्यांची रांग, तांब्याची पातेली. आईनं पहिला प्रश्न हाच विचारला असता की ही घासायचं कोण.

वर एका दालनाच्या छतावर १३६ साळुंकीसारखे काळे-पांढरे पक्षी रंगवलेत, मॅगपाय. कथा अशी की पहिला जुआंव राजा दरबारातल्या एका तरुणीचं चुंबन घेताना राणीला सापडला. ‘चांगल्या भावनेनं’ घेतलं म्हणाला. दरबारी बायकांची कुजबुज थांबेना, तेव्हा त्यानं त्या जितक्या होत्या तितके बडबडे पक्षी छतावर काढवून घेतले, प्रत्येकाच्या चोचीत तेच शब्द. खरंखोटं देव जाणे, राणी काय म्हणाली ते कथेत नाही.

बाबा, पुढची खोली तुमच्यासाठी. छोटी, उजाड, खाली भाजक्या फरशा. इथे सहावा अफोन्सो राजा कैदेत होता. लहानपणीच्या आजारानं त्याची एक बाजू लुळी पडलेली. धाकट्या भावानं, पेद्रोनं, सत्ताही घेतली आणि त्याची बायकोही. आधी अझोर्स बेटांवर धाडलं, मग १६७४मध्ये परत आणून या खोलीत कोंडलं. १६८३मध्ये तो इथेच गेला. येरझारा घालून घालून फरशी झिजली असं सांगतात, आणि फरशी खरंच झिजलेली आहे, हे मी वाकून बघितलं.

गाईड पुढे गेली आणि मी तिथेच गणित मांडत बसले. याची बहीण कॅथरिन. १६६१च्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण म्हणून मुंबई दिली ती हिच्याच लग्नात. गादीवर तेव्हा हाच होता, नावापुरता, कारभार आईच्या हातात. आणि १६७४ म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाचं साल. त्या सोहळ्याला मुंबईहून इंग्रजांचा वकील ऑक्झिंडन आला होता, हे तुम्हीच आम्हाला रायगडाच्या पायऱ्या चढताना सांगितलं होतं. त्याच वर्षी, ज्याच्या नावानं ती मुंबई दिली गेली तो राजा या डोंगरात कोंडलेला. शाळेत हे दोन धडे कधी एका पानावर आले नाहीत. मी गाईडला सांगितलं तर ती म्हणाली की तिच्या पर्यटकांना बहुतेक फक्त चहा ठाऊक असतो, कॅथरिननं इंग्लंडात चहाची चाल रुळवली म्हणून. मुंबईचं कुणी विचारत नाही.

या राजवाड्याला सहलीत जेमतेम तास होता. कमी पडला. आपण आलो की गाईडला आधीच सांगून पेनाचा वेळ इकडे वळवून घेऊ.

समुद्राकडे जाताना रस्त्यात डावीउजवीकडे वाडे, बागांच्या शेवाळलेल्या भिंती. एका भिंतीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “पेन्या व्हेर्द, इथे भारताचा एक व्हाइसरॉय राहायचा” आणि व्हॅन पुढे गेली. बाबा, तो जुआंव द कास्त्रो! दीवचा वेढा उठवणारा, १५४६चा. त्याआधी आरमारासोबत आला असताना यानं गोव्यापासून दीवपर्यंतचा किनारा रेखाटून ठेवला होता, त्यात आपलं दाभोळ आणि चौल आहे, आणि घारापुरीच्या लेण्यांचं वर्णनही. दीवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते तेव्हा गोवेकरांकडे कर्ज मागताना तारण म्हणून यानं दाढीचे केस पाठवले, ही गोष्ट इथे शाळकरी पोरांनाही येते. त्या वाड्यात सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेखही नेऊन ठेवला गेला, सन १२८७चा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला. अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती म्हणतात. त्रिपुरांतक नावाच्या एका शैव आचार्यानं देवळं बांधली त्याची ती प्रशस्ती. वाडा खासगी आहे, फाटक बंद असतं. तुम्ही त्या भिंतीपाशी गाडी थांबवायला लावणार हे मी धरूनच चालले आहे.

काबो दा रोका म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. एक दीपगृह, एक क्रॉस, दगडावर त्यांच्या महाकवीची एक ओळ, बसगाड्या, आणि सुमारे १४० मीटर खाली अटलांटिक. तिथे सगळे दहा मिनिटं थांबतात, फोटो काढतात, परत जातात. आम्ही मात्र कुंपण डावीकडे ठेवून उत्तरेला पायवाट धरली आणि वळणापलीकडे गर्दी संपली.

वारा सांगून समजायचा नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर असतो तो एका जागी उसळतो. इथला समुद्रावरून सरळ आडवा येतो आणि थांबत नाही. बोलायचं तर ओरडावं लागतं. जमिनीवर सगळीकडे एक जाड मांसल पानांची वेल पसरलेली, करंगळीएवढी तिधारी पानं, तोडलं की पाणी. दिसायला सुंदर, पण ती दक्षिण आफ्रिकेची. जमीन धरून ठेवायला लावली आणि आता इथल्या मूळच्या झाडोऱ्याला गिळतेय. गाईड चालता चालता ती उपटून मुळासकट कातळावर टाकत होती, कुणी सांगितलं नसताना.

वाट दगडांवरच्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांवरून ओळखायची. दोन पट्ट्यांची फुली दिसली की चुकीची वाट. साधारण किलोमीटरभरात उर्सा येतं: खाली वाळूचा तुकडा आणि पाण्यातून वर आलेले दोन प्रचंड सुळके. त्यातला एक म्हणजे अस्वल. बर्फ वितळायला लागलं तेव्हा देवांनी सगळ्या प्राण्यांना किनारा सोडायला सांगितलं, ही अस्वलीण पिल्लांना घेऊन हटून बसली आणि दगड झाली. खाली उतरायची वाट घसाऱ्याची आहे. जर्मन मुलींनी हट्ट धरला, गाईडनं नाही म्हटलं, आणि मला ते बरंच वाटलं. बाबा, तुम्हीही वरूनच बघायचं. गुडघा चढणीला नाही, उतरणीला दगा देतो, हे तुमचंच वाक्य.

त्यापुढे एक ओढ्याची घळ, उतरून पुन्हा चढ. तेवढा एकच दम लागणारा टप्पा. दगड बदलतो ते लक्षात येतं. रोकापाशी ग्रॅनाइट आहे, सिंत्राचा डोंगरच सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी खालून वर आलेल्या शिलारसाचा, पण तो आतच गोठलेला. आपल्या सह्याद्रीसारखे लाव्हाचे थर इथे नाहीत. पुढे राखाडी चुनखडीचे कलंडलेले थर सुरू होतात. मधल्या एका कड्याच्या कंगोऱ्यावर दोन माणसं लांबलचक गळ टाकून उभी होती, इतक्या खाली पाणी की दोरा पाण्याला टेकला हे त्यांना कळतं तरी कसं, कोण जाणे.

अद्रागाला पोचेपर्यंत पाचेक किलोमीटर होतात, पण रमतगमत दोन तास धरा. तिथे पुळण आहे, कॉफी आहे, शौचालय आहे. पलीकडच्या प्राया ग्रांदे या पुळणीवर कड्याच्या जवळजवळ उभ्या झालेल्या थरावर डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत. तिथवर आमची सहल नेत नाही, ते आपण दुसऱ्या दिवशी करू.

आईसाठी पर्याय: चालायचं नसेल तर तू व्हॅनमधूनच अद्रागाला ये, ड्रायव्हर नेतो, मी विचारून ठेवलंय. बाबांनी पकड असलेले बूट आणि काठी आणायची. विंडचीटर दोघांनी, मे असला तरी. छत्री आणू नका, इथे ती उलटी होण्यापलीकडे काही करत नाही. व्हिसाचे कागद झाले की तारखा लगेच कळवा, कारण त्या गाईडची व्हॅन लवकर भरते आणि मला तीच हवी आहे.

तुमची,
मनू

ता. क. आई, सिंत्रात केइजादा म्हणून छोट्या वाट्या मिळतात, ताजं चीज, साखर आणि दालचिनी घातलेल्या, वरून करपट. तुला आवडतील. बदामाची ‘उशी’ मिळते ती फार गोड, एक तिघांत पुरे. आजीला पाठवायचा विचार होता, पण दोन्हींत अंडं असतं.