रजिस्टरमधले लेखक तुमच्या यादीत का नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गेले तीन आठवडे वाचकांचे आवडते कथा-कादंबरीकार छापून येतायत, मी एकही पत्र सोडलेलं नाही. खांडेकर आले, रणजित देसाई आले, शिवाजी सावंत तर जवळजवळ प्रत्येकाच्या पत्रात आले, आणि यातल्या एकाही नावाबद्दल माझं काही म्हणणं नाही, सगळी आपलीच माणसं. पण तिन्ही आठवडे मिळून बाबूराव अर्नाळकर एकदाही नाहीत, गुरुनाथ नाईक नाहीत, चंद्रकांत काकोडकर नाहीत, आणि नारायण धारप एकदाच आले ते पण "शाळेत असताना वाचायचो" असं म्हणून. हे मला पटत नाही. नाशिककर काय वाचतात, निदान काय वाचायचे, ते मला माहितीये, म्हणून हे पत्र.

१९८४ ते २००९ आमची नाशिकरोडला सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. छोटासा गाळा, तीन भिंतींना रॅक, डिपॉझिट आणि महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. मिस्टरांची नोकरी शिफ्टची त्यामुळे काउंटरवर बहुतेक मीच असायचे, आणि कोणी काय नेलं, कधी परत केलं ते सगळं मी माझ्या हाताने रजिस्टरमध्ये लिहिलंय. ती रजिस्टरं अजून माझ्याकडे आहेत. मोठ्या लेखकांची पुस्तकं रॅकवर दिमाखात उभी असायची, जायची पण, नाही असं नाही, पण धारपांच्या पुस्तकाला नंबर लागायचे. "ताई आलं का हो परत?" हे वाक्य मी सगळ्यात जास्त त्यांच्याच पुस्तकांसाठी ऐकलंय.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अपडाऊन करणारी मंडळी आदल्या रात्री दुकान बंद व्हायच्या टायमाला यायची. त्यांना जाड पुस्तक नको असायचं, एका जाण्यायेण्यात संपेल असं पाहिजे. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप म्हणजे त्यांचाच माणूस. जाताना इगतपुरीच्या आत खून, कल्याणला सगळे संशयित हजर आणि संध्याकाळी गाडी कसारा घाट चढेपर्यंत खुनी सापडलेला. हजारावर कादंबऱ्या लिहिल्या या माणसाने. अर्नाळकरांनी पण हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या नायकांची नावं घेतली की प्रेसमधून रिटायर झालेले काका लोक अजूनही खुलतात. त्यातले एक चौथीच शिकलेले होते, ते मला म्हणाले होते की वहिनी, अक्षरं शाळेत शिकलो पण सलग वाचायला अर्नाळकरांनी शिकवलं, पुढे काय झालं ते कळल्याशिवाय झोप यायची नाही म्हणून वाचत गेलो. याच्यापेक्षा मोठं काम लेखकाने अजून काय करायचं असतं?

धारपांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. भयकथा म्हटलं की लोकांना वाटतं किंकाळ्या, रक्त, स्मशान. धारप तसं करत नाहीत. साधा नोकरदार माणूस, बदली झालेली, नवीन घर, बायको मुलं, दूधवाला कधी येतो याची चौकशी, आणि त्यात एखादीच गोष्ट जागच्या जागी नसते. बराच वेळ काही होतच नाही आणि तरी आपण उठून दाराची कडी बघून येतो. भाषा पण अशी की कुठे थांबावंसं वाटत नाही. आणि त्यांचे समर्थ, म्हणजे वाईट शक्तींशी लढणारे त्यांच्या कथांमधले नायक, आले की हायसं वाटायचं, घरातलं मोठं माणूस गावाहून परत आल्यासारखं. देवळालीगावातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या एक वहिनी दिवेलागणीच्या आत पुस्तक परत करून जायच्या, रात्री ते घरात नको म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन उरलेलं वाचायला तेच परत न्यायच्या. ज्या लेखकाचं पुस्तक घरात ठेवायला भीती वाटते आणि सोडवतही नाही त्याला आपण शाळेतलं वेड म्हणायचं?

रत्नाकर मतकरींची भीती वेगळी. तिथे बाहेरून कोणी येत नाही, जे काय असतं ते माणसाच्या आतच असतं, आणि कथा संपल्यावर शेजारच्या माणसाकडे आपण वेगळ्याच नजरेने बघतो. मे २०२० मध्ये कोरोनाने ते गेले, लॉकडाऊन होता, त्या संध्याकाळी मी रजिस्टरं काढून त्यांच्या नावावरच्या नोंदी वाचत बसले होते.

सुहास शिरवळकर कॉलेजच्या पोरांचे. मुलं कट्ट्यावर जशी बोलतात तशी त्यांच्या पुस्तकात बोलायची, त्याच्यामुळे पोरं जीव टाकायची. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, ज्याचा त्याचा हिरो ठरलेला. २०१३ ला त्यांच्या दुनियादारी कादंबरीवरून पिक्चर आल्यावर भाची मला विचारत आली, आत्या यांचं अजून काय आहे गं, तोपर्यंत लायब्ररी बंद होऊन चार वर्षं झाली होती.

चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं बायका पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून न्यायच्या. दिवाळी अंकातल्या एका कथेवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नीलांबरी कादंबरीवरून दो रास्ते हा हिंदी पिक्चर पण आला. एवढं होऊनही नेणाऱ्या बायकांना लपवून न्यावं लागायचं आणि मला ते आजही वाईट वाटतं. दिवसभर राबून रात्री तासभर दुसऱ्या कोणाची तरी प्रेमकथा वाचली तर त्यात लपवण्यासारखं काय आहे.

ऐतिहासिकबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, मी फक्त ना. सं. इनामदारांचं नाव जोडते. मुलांसाठी भा. रा. भागवत, फास्टर फेणे आमच्याकडे इतका फिरायचा की बाइंडिंग परत परत करावं लागायचं.

आणि नारळीकर. नाशिकच्या लोकांनी त्यांना विसरावं याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं साहित्य संमेलन आपल्या गावात झालं त्याचे अध्यक्ष तेच होते, तब्येतीमुळे येता आलं नाही पण अध्यक्षपद एका विज्ञानकथा लिहिणाऱ्याला मिळालं हे आपल्या नाशकात घडलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून ना. वि. जगताप या नावाने, म्हणजे बक्षीस मिळालं तर कथेला मिळावं, नावाला नको. मिळालंच. मागच्या वर्षी, मे २०२५ मध्ये ते गेले. तुमच्या यादीत त्यांचं नाव यायला पाहिजे होतं.

लोक ही नावं का लिहीत नाहीत ते मला कळतं. पेपरात छापून येणार म्हटल्यावर माणूस चांगला शर्ट घालतो तसं झालंय. पण त्याचे परिणाम होतात हो. लायब्ररी बंद केली तेव्हा सगळी पुस्तकं मी एका मोठ्या वाचनालयाला द्यायला गेले होते, त्यांनी पुठ्ठ्याची बांधीव तेवढी घेतली आणि पातळ रहस्यकथा, भयकथांच्या गठ्ठ्यांना हात पण लावला नाही, "हे साहित्य नाही बाई" असं तोंडावर सांगितलं. घरी जागा नव्हती. शेवटी पाच गोण्या रद्दीत गेल्या, किलोच्या भावाने, वाचकांच्या हाताच्या घामाने मऊ झालेली पुस्तकं होती ती. मी फक्त एक ट्रंकभर ठेवली.

तो कागद हलका असायचा, पिवळा पडून तुकडे पडतात, पिना गंजतात, आणि यातली कित्येक पुस्तकं पुन्हा छापलीच गेली नाहीत, म्हणजे आहे ती प्रत गेली की गेली. ज्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे त्या गावात या पुस्तकांसाठी एक कपाट निघू शकत नाही का? मी माझी ट्रंक पहिली द्यायला तयार आहे, रजिस्टरं पण देईन.

तेव्हा पुढच्या रविवारी यादी छापाल तेव्हा वाचकांना एवढंच विचारा की रात्री दिवा बंद करायला उशीर कोणामुळे झाला. आणि कोणाच्या माळ्यावर अर्नाळकर, नाईक, धारप, काकोडकर यांची जुनी पुस्तकं पडून असतील, पानं सुटलेली असली तरी चालतील, तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी तुमच्या कार्यालयात कळवायला सांगा. सिडको, सातपूर, पंचवटी कुठेही असो, मी रिक्षा करून घ्यायला येते.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिकरोड