माग थांबवायचा अधिकार मागावरच्या माणसाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या टॉवेल धंद्यातल्या मंदीच्या बातम्या सारख्या येतात, सूत महागलं, लाईट बिल वाढलं, बाहेरचा स्वस्त माल आला, सगळं खरं आहे. पण आपल्याच शेडमध्ये रोज जो माल सेकंडमध्ये, म्हणजे दोष असलेल्या मालात, जातो त्याबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. मी एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला आहे.

मागाच्या फणीची, म्हणजे ताण्याचे तार वेगळे ठेवणाऱ्या पट्टीची, एक काडी जरी वाकली ना, तरी त्या मागावरच्या प्रत्येक टॉवेलला त्याच जागी उभी रेघ पडते. लूपचं सूत गुंडाळलेल्या बीमचा ताण बिघडला की लूप कुठं उंच, कुठं बसके. आमच्या टेबलावर ढीग येतो तेव्हा चार टॉवेल उलगडले की कळतं हे कुठल्या मागाचं आहे, पण आम्ही फक्त बाजूला काढून ठेवायचं, मागावर जाऊन सांगायचं नाही, आणि तोवर तिकडं तोच माग तीच रेघ विणत बसलेला असतो. चालवणाऱ्याला दिसत नाही असं अजिबात नाही, त्याला आमच्या आधी दिसतं. पण त्याची मजुरी नगावर. माग थांबवला तर त्याचे पैसे बुडतात, चालू ठेवला तर निदान नग तरी भरतात, वर दोन-चार माग एकट्यानं बघायचे आणि जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारली तर तो दुसऱ्या टोकाला अडकलेला. मग सेकंड निघाला की कापून घेतात त्याच्याच पगारातून! हे मला अजिबात पटत नाही.

माझा भाचा चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे. तो सांगतो त्यांच्या लाईनवर प्रत्येकाजवळ बटण असतं, काही चुकलं की दाबायचं, दिवा लागतो आणि लीडर धावत येतो. ही पद्धत टोयोटाची. आणि सोलापूरकरांनी लक्षात घ्यावं की ह्या विचाराचं मूळ मागात आहे बरं का. टोयोटा कंपनी १९३७ ची, पण त्याच्या आधी साकिची टोयोडा मागच बनवायचे. त्यांच्या १९२४ च्या मागात ताण्याचा एक तार तुटला की माग आपोआप थांबायचा, १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स ह्या माग बनवणाऱ्या कंपनीनं त्या मागाचे हक्क विकत घेतले. पुढं गाड्यांच्या कारखान्यात तेच काम माणसाच्या हातात दिलं, काही चुकलं की दोरी ओढायची.

मालक म्हणतील सगळे थांबवत बसले तर ऑर्डर कधी जाणार. पण तिथं दोरी ओढली की लाईन लगेच बंद पडत नाही, आधी लीडर येतो, ठरलेल्या जागेपर्यंत दुरुस्ती झाली तर काम चालूच राहतं, नाही झाली तरच थांबतं. कामगार हुकूमशहा होतील ही भीतीही नको. अमेरिकेत फ्रीमाँटला जनरल मोटर्सनं १९८२ मध्ये कारखाना बंद केला होता, १९८४ मध्ये टोयोटासोबत तो परत सुरू झाला, बरेचसे जुनेच कामगार, त्यांच्याच हातात दोरी दिली, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानच्या तोडीच्या निघायला लागल्या.

एक अडचण खरी आहे, ती मी लपवत नाही. माग थांबवून परत चालू केला की कापडावर आडवी पट्टी उठू शकते, त्यामुळे उगाच थांबवणं पण चांगलं नाही, कधी थांबवायचं हे कामगार आणि जॉबरनं बसून ठरवायला पाहिजे. आणि जॉबर वाढवल्याशिवाय नुसता अधिकार देऊन काय करायचं, हाक मारून कोणी येतच नसेल तर लोक हाक मारणं सोडून देतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिघाड दिसला म्हणून माग थांबवला तर तेवढ्या वेळेची मजुरी सरासरीनं द्या, ज्यानं स्वतः सांगितलं त्याच्या पगारातून सेकंडची कपात करू नका, आणि चेकिंगच्या बायकांना सरळ मागापर्यंत जाऊ द्या. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, ते नाव टिकवायचं काम हातात घेणाऱ्याला "हे चुकलंय" म्हणायची मुभा नको का? यंत्रमागधारकांच्या संघानं पुढाकार घेऊन निदान एका शेडमध्ये हे करून बघावं, सेकंड मालाचा आधीचा आणि नंतरचा हिशोब कामगारांसमोर ठेवावा, आणि आपल्या पेपरानं तो छापावा ही विनंती.

आपली,
एक चेकिंग कामगार, सोलापूर