माळ्यावरचा टेप किलोवर घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी जवळ आली की आमच्या वेंगुर्ल्यात, आणि तसं बघितलं तर सगळ्याच कोकणात, माळे साफ करायला निघतात आणि भंगारवाल्याच्या टेंपोत जे काय चढतं त्यात हमखास एक जुना टेप असतो. हँडलवाला, दोन स्पीकरचा, मोठ्या सेलवर चालणारा स्टिरिओ, कधीतरी कोणी काकाने नाहीतर मामाने दुबई-कुवेतहून आणलेला. वजनावर जातो तो, आणि प्लास्टिकच जास्त म्हणून पैसेही धड येत नाहीत. असाच एक मी भंगारवाल्याकडून उचलला, हळूहळू दुरुस्त केला, आता मस्त वाजतोय, म्हणून म्हटलं चार गोष्टी लिहाव्यात, कारण हे काम लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही आणि जे फेकलं जातंय ते परत मिळणारं नाही.

सगळ्यात आधी, असा टेप हाती आला की लगेच प्लग खुपसू नका, लोक नेमकं तेच करतात. मागे ११०-२२० चा छोटा सिलेक्टर असतो, पोराटोरांनी खेळताना तो ११० वर सरकवलेला असला तर आपल्या २३० व्होल्टला आतला ट्रान्सफॉर्मर जळलाच म्हणून समजा. खास जपानसाठी बनवलेला सेट असेल तर आणखी भानगड, तिकडे घरातली लाईटच १०० व्होल्टची, आणि जुन्या जपानी सेटचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच, म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं त्यात लागणारच नाहीत. तेव्हा ऑनलाईन कोणी 'विंटेज' म्हणून हजारो रुपये सांगत असेल तर आधी डायलचा आणि मागच्या प्लेटचा फोटो मागवा, मग बोला.

पहिल्यांदा सेलवर चालवून बघावं. पण त्या कप्प्यातच बहुतेक वेळा घाण असते, कधीचे विसरलेले सेल पाझरून स्प्रिंगा खाल्लेल्या. साधे जुने सेल पाझरले असतील तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं, अल्कलाईन असतील तर उलट, लिंबू किंवा व्हिनेगर, आणि मग नीट सुकवायचं. त्यात आपली खारी हवा! पुण्याच्या माणसाला हा त्रास कळायचा नाही, इथे बंद कपाटातला स्क्रूसुद्धा गंजतो. आत रेकॉर्ड-प्लेचा एक लांबट स्विच असतो, त्याचे काँटॅक्ट काळे पडले की एका बाजूचा स्पीकर गप्प होतो आणि दुकानदार बघितल्या बघितल्या सांगतो आयसी, म्हणजे आतली चिप, गेला. काँटॅक्ट क्लीनर मारून तो स्विच पुढेमागे, पुढेमागे करत राहा, पुष्कळदा दोन्ही बाजू बोलायला लागतात. व्हॉल्यूमची खरखर पण तशीच जाते. रेडिओचा भाग सहसा जिवंतच असतो, फक्त मीडियम वेव्ह ऐकताना घरातले एलईडी बल्ब नि मोबाईलचे चार्जर बंद करा आणि एरियल ओढत बसण्यापेक्षा अख्खा सेटच फिरवून बघा, मीडियम वेव्ह पकडणारी फेराइटची कांडी आत आडवी असते, ती दिशेप्रमाणे पकडते.

खरं काम कॅसेटच्या भागात. मोटरचा आवाज येतो पण कॅसेट फिरत नाही, यात दहातल्या आठ वेळा बेल्ट गेलेला असतो असं माझं मत. गेलेला म्हणजे तुटलेलाच असं नाही, जुनं रबर विरघळून डांबरासारखं होतं आणि पुलीला, फ्लायव्हीलच्या जड चाकाला चिकटून बसतं, हात लावाल तर आठवडाभर नखं काळी. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल नि कानातल्या कापसाच्या काड्या घेऊन पूर्ण काढायचं, जरा जरी राहिलं तरी नवा बेल्ट घसरतो. जुना बेल्ट मापाला उरलेला नसतोच, मग पुल्यांभोवती दोरा फिरवून माप घ्यायचं आणि त्याच्यापेक्षा किंचित लहान बेल्ट आणायचा. स्वयंपाकघरातलं रबरबँड लावणारे पण बघितलेत मी, गाणं असं लहरत येतं की गाणाऱ्याची दया येते. फीत दाबून धरणारा रबरी पिंच रोलर, ती ओढणारी कॅप्स्टनची दांडी आणि फीत वाचणारं हेड पुसून घ्या, चमक आली की बास, घासू नका. वेग कमीजास्त वाटला तर बऱ्याच मोटरींच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात आत स्क्रू असतो, तेच गाणं फोनवर लावून दोन्ही जुळवत तो अगदी केसभर फिरवायचा.

एवढं करून आवाज स्वच्छ पण दबका, घोंगडीतून आल्यासारखा येत असेल तर हेडच्या बाजूचा स्क्रू बघा. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ही कॅसेट, तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, म्हणजे चार मिलिमीटर पण नाही, आणि स्टिरिओमध्ये त्यात चार पट्टे बसवलेले. हेड जरा तिरकं झालं की वरचे सूर पहिले मरतात. टाळ-झांजेचं रेकॉर्डिंग लावा आणि ऐकत ऐकत तो स्क्रू थोडा थोडा फिरवा, झांज जिथे सगळ्यात टोकदार वाजेल तिथे थांबा.

आता एक राग काढतो. आमच्याकडच्या एका मोठ्या दुकानात मी आधी विचारलं होतं तर म्हणे कशाला खर्च करता, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवून देतो, पेनड्राईव्ह पण चालेल. असे कितीतरी चांगले सेट लोकांनी कोरून टाकलेत, बाहेरून जपानी नि आत दोनशे रुपयांची पट्टी. अहो ब्लूटूथ ऐकायचं तर नवीन डबा घ्या ना, कॅसेट वाजवणारं यंत्र का मारता.

कारण कॅसेट वाजवायला यंत्र लागतं हो, आणि कॅसेटी अजून घराघरात पडल्यात. सिनेमाच्या गाण्यांचं मला काही वाटत नाही, ती कुठेही मिळतील. पण आपल्याकडे लोकांनी टेप समोर ठेवून भजनाच्या डबलबाऱ्या भरून घेतल्यात, रात्र रात्र दशावतार भरलेत, रत्नागिरीकडे जाखडीचे सवाल-जवाब भरलेत, आणि आखातात गेलेल्यांनी तर पत्राऐवजी कॅसेट पाठवलीय, अर्धा तास त्याचं बोलणं आणि दुसऱ्या बाजूला घरच्यांचं उत्तर. हे दुसरीकडे कुठेच नाही. माझ्या भंगारातल्या टेपमध्ये एक कॅसेट अडकून बसलेली होती, साफ करून लावली तर कुठल्यातरी देवळातलं गाऱ्हाणं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतायत आणि मधेच कोणीतरी ओरडतो, रे झिला, बाजूक हो! गाव कुठलं ते कळलेलं नाही, भंगारवाल्याला पण आठवत नाही.

अशा कॅसेटी सापडल्या तर लगेच वाजवायची घाई नको. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल, पावसाळ्यानंतर आपल्याकडे असतेच, तर ती हेडला लागते आणि मग पुढच्या कॅसेटीला. आधी कोरड्या जागी ठेवा, तोंडाला रुमाल बांधून फीत पुसून घ्या. मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाका, मग चुकून कोणी वर रेकॉर्ड करू शकत नाही. कॉम्प्युटरवर घेताना फोन स्पीकरसमोर धरू नका, हेडफोनच्या नाहीतर लाईन-आऊटच्या भोकातून वायर घाला.

माझी मागणी छोटी आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, चांगलंच केलं, पण ते आजच्या फोन, फ्रिज, ट्रॅक्टरसाठी, चाळीस वर्षांच्या टेपला त्याचा उपयोग नाही. त्याला लागतो गावातला रेडिओवाला, आणि तो आता एक तर म्हातारा झालाय नाहीतर मोबाईलचे डिस्प्ले बदलतोय, कारण बेल्टचे पैसे लोक देतात आणि मजुरी सांगितली की म्हणतात एवढं काय केलंस. द्या की मजुरी. आणि आपल्याकडे आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड आहे, तिथल्या मुलांना असे भंगारातले सेट उघडायला द्यावेत, सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा ते यावर जेवढं शिकतील तेवढं नव्या बोर्डावर शिकणार नाहीत, कारण इथे पार्ट डोळ्याला दिसतात. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं, तसं एखादं वाचनालय तालुक्याला एक चालू टेप आणि एक कॉम्प्युटर ठेवू शकेल, ज्याने त्याने आपली कॅसेट घेऊन यावं आणि उतरवून न्यावं. खर्च फार नाही, सेट तर लोक फुकट देतील. आपल्या पेपरने हे छापलं तर चतुर्थीच्या आधी छापा, नंतर टेंपो निघून गेलेला असतो.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ला