तारतम्य आणि मर्यादा

ल्यों, फ्रान्स, 16 मार्च 2025

प्रिय सुहास,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "तुमच्याकडे औषधोपचार फुकट, मग डॉक्टर काय हवा खाऊन जगतात का रे?" हे तू कराडच्या दवाखान्यात बसून, मागे पेशंटांचा खोकला चालू असताना विचारलंस, म्हणून फोनवर थातुरमातुर उत्तर न देता सविस्तर लिहायला बसलोय. शिवाय गुडघ्यामुळे घरीच आहे.

फुकट बिकट काही नाही. आमची फॅमिली डॉक्टर साठीची बाई आहे. कंपाउंडर नाही, रिसेप्शनिस्ट नाही. दार उघडायला स्वतः येते, नाव पुकारते, तपासते आणि शेवटी माझं हिरवं कार्ड, ज्याला इथे 'कार्त व्हिताल' म्हणतात, ते मशिनमध्ये स्वतःच सरकवते. फी 30 युरो. गेल्या डिसेंबरपासून, त्याआधी 26.50 होती, आणि 2017 पासून कितीतरी वर्षं 25 वरच अडकली होती. मी 30 देतो, आठवड्याभरात सरकारी विम्याकडून खात्यात 19 जमा होतात. म्हणजे सत्तर टक्के, वजा दोन युरो. ते दोन युरो मुद्दाम कापतात, पेशंटला झळ बसावी म्हणून. पूर्वी एकच कापायचे, गेल्या मे महिन्यात दुप्पट केले. ते दोन सोडून उरलेले 9 माझा पूरक विमा देतो, त्याला 'म्युत्युएल' म्हणतात. त्याचा निम्मा तरी हप्ता नोकरी देणाऱ्या कंपनीला भरावाच लागतो, 2016 पासून तसा कायदा आहे. रिटायर झालेल्यांना मात्र सगळा हप्ता स्वतःच्या खिशातून, आणि वय वाढेल तसा तोही वाढतो.

त्या 30 युरोतले निम्म्याच्या आसपास भाडं, विमा आणि वर्गण्यांत जातात, असं ती म्हणते. यादीतल्या पेशंटांमागे सरकार वर्षाला वेगळी रक्कम देतं, ती धरून तिचं बरं चालतं. पण "प्लंबर साठ युरो घेऊन जातो" हे वाक्य तिच्या तोंडून मी तीनदा ऐकलंय. 2022 च्या शेवटी डॉक्टरांनी 50 युरोंच्या फीसाठी दवाखाने बंद ठेवले, तेव्हा तिच्या दारावरही चिठ्ठी होती. मिळाले 30. तुला तिची कणव येण्याआधी एक सांगतो: तिनं डोनेशन भरलेलं नाही. इथलं सरकारी मेडिकल शिक्षण वर्षाला काही शे युरोंत होतं. आपल्या बॅचमधल्या कितीजणांचं कर्ज अजून फिटलेलं नाही, ते तू मोज.

आता गुडघ्याकडे येतो. मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्चेची गादी) फाटला. सरकारी रुग्णालयात तारीख चार महिन्यांनी, खासगी क्लिनिकमध्ये बारा दिवसांत. मी खासगीत गेलो. सर्जनच्या वेटिंग रूममध्ये दरफलक होता (लावावाच लागतो) आणि त्यावर बारीक अक्षरात 'सेक्टर 2'. सगळी मेख या दोन शब्दांत आहे.

सेक्टर 1 चा डॉक्टर, काही अपवाद सोडले तर, सरकारी दराच्या वर एक युरोही घेऊ शकत नाही. सेक्टर 2 वाला आपली फी आपण ठरवतो आणि विमा त्याच्या दराकडे बघतही नाही, स्वतःच्या दरपत्रकाकडे बघतो. ही सोय 1980 च्या करारातून आली. डॉक्टरांना भाववाढ हवी होती, विम्याची तिजोरी उघडायची नव्हती; मग ठरलं की फरक तुम्ही पेशंटकडूनच वसूल करा. उड्या पडल्या, तेव्हा 1990 मध्ये दार बहुतेक लावून घेतलं. मोठ्या रुग्णालयांत वरच्या पदाची उमेदवारी केलेल्यांनाच आत प्रवेश. पण स्पेशालिस्ट होणारी बरीच पोरं तीच उमेदवारी करतात, त्यामुळे आज निम्म्याहून जास्त स्पेशालिस्ट सेक्टर 2 मध्येच आहेत. वरच्या रकमेला 'देपासमां' म्हणतात, म्हणजे ओलांडणं. किती ओलांडावं? नियमात लिहिलंय, तारतम्य आणि मर्यादा ठेवून. बस्स, आकडा नाही! तारतम्य ज्याचं त्याचं.

माझ्या सर्जननं पहिल्या भेटीचे 80 घेतले. त्यानं दरांवर लगाम ठेवणारा ऐच्छिक करार केलेला नाही, म्हणून विम्याच्या लेखी ती भेट 23 युरोंची. त्याचे सत्तर टक्के, वजा ते दोन: हाती 14.10. मी निवांत होतो, कारण माझ्या म्युत्युएलच्या कागदावर '200 टक्के' असं ठळक छापलंय. मला वाटलं, दुप्पट बिलापर्यंत सोय आहे. अरे, ते 23 चे दोनशे टक्के! म्हणजे दोन्ही विमे मिळून 46, तेही दोन युरो वजा जाता. 36 माझ्या खिशातून. बारा वर्षं इथे राहून मला हे परवा कळलं. खालच्या मजल्यावरची पोर्तुगीज आजी मधुमेहामुळे 'शंभर टक्के' भरपाईच्या यादीत आहे. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडून रडवेली होऊन आली, तेव्हा मीच तिला शहाणपणा शिकवला होता की तुमचे शंभर टक्के सरकारी दराचे, बिलाचे नव्हेत. स्वतःच्या कागदाला तोच हिशोब लावायचं काही सुचलं नाही.

ऑपरेशनआधी लेखी अंदाजपत्रक मिळालं, 70 युरोंपासून पुढे ते द्यावंच लागतं. सर्जनचे जादा 500. मी सही केली. भूलतज्ज्ञ दुसऱ्या आठवड्यात भेटला, त्याचा कागद वेगळा, जादा 150. आता सांग, भूल देणाऱ्याशी घासाघीस कोण करणार? सर्जनला मी निवडलं होतं, याला कुणी निवडलं? म्युत्युएलनं काही भाग उचलला, 390 युरो मी भरले. माझा राग सर्जनपेक्षा या 150 वर जास्त आहे.

आणि गंमत बघ, फॅमिली डॉक्टर म्हणाली, "तो सर्जन चाळीस मिनिटांच्या कामाचे एवढे घेतो, मी चाळीस वर्षं तुमचा रक्तदाब बघणार." तिला माझं वय माहीत आहे, स्वतःचं बहुधा विसरली.

गुडघा आता बराच बरा आहे. कुबडी कालच सोडली, तीन मजले जिना चढतो, थांबत थांबत. आईला ऑपरेशनचं सांगितलेलं नाही. ती गुरुवारी तुझ्याकडे बी. पी. तपासायला येईल तेव्हा तोंड बंद ठेव. आणि तिच्याकडून फी घेत जा रे, मागच्या खेपेला परत केलीस म्हणून ती अजून कुरकुरतेय.

तुझा,
मिलिंद