ओठांवर आलेलं नाव

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "दिवसभर तिथे नेमकं काय करतेस गं?" मी घाईत होते. "मेमरीवर काम करते" एवढं सांगून विषय संपवला. मागाहून फार चुटपुट लागली, म्हणून आज सावकाश लिहायला बसले आहे. बाबांशीही एक बोलायचं आहे, ते ओघात येईल.

मानसशास्त्र विभाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोचावर आडवा झालेला माणूस आणि शेजारी वही घेऊन बसलेला डॉक्टर येतो. माझ्या लॅबमध्ये तसं काही नाही. बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी लहानशी खोली, एक कॉम्प्युटर, मायक्रोफोन आणि दोन खुर्च्या. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगच्या विद्यापीठात प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मनाचं काम मोजून बघायचं ही या विषयाची वाट. मीही तेच करते. आणि मी मोजते ती गोष्ट तुम्हा दोघांना चांगलीच ओळखीची आहे: शब्द अगदी ओठांवर असतो, पण येत नाही.

रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी १९६६ मध्ये यावर पहिला मोठा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द विचारायचा. ज्यांचा शब्द अडकला, त्यांनाही त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यात उच्चाराचे किती तुकडे आहेत हे बरेचदा बरोबर सांगता आलं. म्हणजे शब्द हरवलेला नसतो. तो आत असतो, त्याचा थोडा भाग हातीही लागलेला असतो. शिंक येता येता अडकावी तशी ती अवस्था, असं त्या दोघांनी लिहून ठेवलंय. मला हे वर्णन फार पटतं.

आमच्याकडे मुख्यतः साठीच्या पुढची माणसं येतात. मागच्या महिन्यात ७२ वर्षांच्या एक आजी आल्या होत्या. (त्यांचं नाव माझ्या कागदावरही नाही, फक्त एक क्रमांक आहे, तसा नियमच आहे.) मी वाचलं, "चुंबकाची सुई असलेलं, दिशा दाखवणारं साधन." आजी लगेच म्हणाल्या, "माहितीये मला. शेवटी यंत्र आहे. पुढचं... पुढचं..." त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं टेबलावर गोल फिरायला लागली, जणू सुईच फिरतेय. माझ्या तोंडून शब्द निसटणार तोच, डोळे न उघडता त्यांनी हात वर केला. "सांगू नकोस. येतंय." पडद्यावर सेकंद मोजले जात होते. विसाव्या सेकंदाच्या आसपास त्यांचे ओठ गोल झाले, अगदी 'हो' म्हणताना होतात तसे. आवाज मात्र नाही. आणि मग एकदम, "होकायंत्र!" चेहरा असा उजळला की मी नोंद करायची विसरले.

बाबा, त्या क्षणी मला तुम्ही आठवलात.

मी मागच्या खेपेला आले होते तेव्हा तुम्ही तुमच्या ऑफिसातल्या जुन्या सोबत्याची गोष्ट सांगत होतात. त्यांच्या नावाशी अडलात. मी क्षणभरही न थांबता ते नाव सांगून टाकलं. तुम्ही "हां, तेच" म्हणालात आणि गप्प झालात. गोष्ट तिथेच राहिली. तेव्हा मला वाटलं, मी मदत केली. त्या आजींनी हात वर केला तेव्हा कळलं, मी तुमच्या हातातलं काम काढून घेतलं होतं. माझं चुकलं, बाबा.

आता आई, तुझ्या काळजीबद्दल. बाबा नावं विसरतात म्हणजे पुढे काही वाढून ठेवलंय का, असं तू दबक्या आवाजात विचारलं होतंस. वय वाढतं तसं हे अडकणं वाढतं, निरोगी माणसांतही, आणि माणसांच्या नावांच्या बाबतीत सर्वांत जास्त. कारण साधं आहे. सुतारकाम करणारा माणूस म्हटलं की करवत, रंधा, लाकडाचा वास असे दहा धागे त्या शब्दाकडे नेतात. सुतार हे नुसतं आडनाव असेल तर त्याला एकच बारीक धागा, आणि वयाबरोबर अर्थापासून उच्चारापर्यंत जाणारे असे धागे सैल पडतात. शब्दसंपत्ती मात्र बहुतेकांची उतारवयातही टिकून असते. २०१३ मध्ये टिमथी सॉल्टहाउस आणि एरियल मँडेल यांनी १८ ते ९९ वयाच्या ७०० हून अधिक लोकांना तपासलं. वयाचा परिणाम बाजूला काढल्यावर, शब्द अडकण्याचा आणि घडलेल्या गोष्टी लक्षात न राहण्याचा एकमेकांशी संबंध उरला नाही. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, हिशेब न जमणं असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचंच, तिथे माझा शब्द चालणार नाही. नुसतं नाव अडलं म्हणून झोप उडवू नकोस.

आमच्या मॅडमबद्दलही सांगायचं होतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा ठोस निष्कर्ष मिळाला. हा धक्का मॅडमनी मनावर घेतला आहे. काय सापडेल असं वाटतं ते प्रयोगाआधी लिहून, तारीख घालून ठेवल्याशिवाय त्या एकाही माणसाला खोलीत बसवू देत नाहीत. प्रयोगाला येणाऱ्यांनी सही करायचं माझं संमतीपत्र, प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीने एकदा परत पाठवलं, कारण अक्षर बारीक होतं. मला राग आला होता. मॅडम म्हणाल्या, "ज्याला वाचता येत नाही त्याची सही ही संमती नव्हे." मी ठळक, मोठ्या अक्षरात पुन्हा छापलं. त्या आजींनी ते चष्मा न लावता वाचलं.

एक गोष्ट मात्र बाबांच्या विरुद्ध जाते. २००८ च्या एका प्रयोगात अडकलेल्या शब्दावर काहींना १० सेकंद आणि काहींना ३० सेकंद झगडू दिलं. जास्त वेळ झगडलेल्यांचा तोच शब्द दोन दिवसांनी पुन्हा अडकण्याची शक्यता जास्त निघाली. तेव्हा बाबा, हट्टाने ताणत बसू नका. पहिलं अक्षर मिळालं की शब्द बरेचदा आपला आपण येतो. म्हणून मी ठरवलंय, नाव सांगणार नाही, आधी विचारीन, "अक्षर देऊ का?" तुम्ही हात वर केलात तर तेही नाही. आई, तूही एवढं कर.

येत्या रविवारी ती गोष्ट पहिल्यापासून सांगा. मध्ये अडलात आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर फोन कट झाला असं समजू नका. मी ऐकत असेन.

तुमची,
धाकटी